जोंगाच्या रंगाला दर पावसाळ्यात त्याच जागी फुगे येतायत? नवा डबा आणायच्या आधी फुगा फोडून बघा

ज्यांच्याकडे जुनी मिलिटरी गाडी आहे, जोंगा म्हणा, डिस्पोजलची जीप म्हणा, त्यांना हा प्रकार नवा नसणार. उन्हाळ्यात घासून पुसून झकास रंग मारायचा, गाडी अशी दिसते की रस्त्याने जाणारा माणूस थांबून फोटो काढतो, आणि जुलै उलटला की फेंडरच्या खालच्या कडेला, दाराच्या तळाशी, फ्लोअरच्या जोडाला ज्वारीच्या दाण्याएवढे फुगे. बोटाने दाबले की मऊ लागतात. दिवाळीपर्यंत फुटतात, दसऱ्याला घातलेल्या हाराखाली तांबूस ओघळ दिसतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत पहिल्यापासून. माझ्याकडे हे तीन वेळा झालं. चौथ्या वेळी थांबलं, एका जागेचा अपवाद सोडून, ते शेवटी सांगतो.

आमची गाडी जोंगा. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावाची आद्याक्षरं जोडून ते नाव झालंय, निसान पेट्रोलच्या जुन्या मॉडेलवरून जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत १९६९ पासून बनायची, ३९५६ सीसीचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन. आबा एएससीत, म्हणजे सैन्याच्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, बरीच वर्षं शक्तिमान ट्रक चालवला, दोन वर्षं साहेबांची जोंगा. कोरेगावकडच्या एका शेतकऱ्याने लिलावातून घेतलेली जोंगा विकायची आहे असं कळलं तेव्हा आबांनी किंमत विचारायच्या आधी बॉनेट उघडायला सांगितलं. सांगायचं कारण एवढंच की ही गाडी आमच्या घरात नुसती हौस म्हणून आलेली नाही, त्यामुळे तिच्यावर गंज दिसला की जेवण गोड लागत नाही.

पहिल्या दोन वेळी मी काय केलं तर रंग बदलला. आधी साधा, मग महागाचा. तिसऱ्या वेळी पेंटर बदलला. तिन्ही वेळा फुगे त्याच जागी, अगदी वीतभर इकडे तिकडे नाही. आणि डोक्यात प्रकाश पडला तो माण तालुक्यातल्या म्हसवडला गेल्यावर. माझ्या पहिल्याच पेंटरने रंगवलेला एक पाण्याचा टँकर तिथे उभा होता, त्याच वर्षी रंगवलेला, रंगाखाली मारायचा तोच प्रायमर, खड्डे भरायची तीच पुट्टी, तोच हात, आणि एक फुगा नाही! आम्ही राहतो जावळी तालुक्यात, मेढ्याच्या बाजूला. एकाच सातारा जिल्ह्यात माण म्हणजे पाऊस कधी पडेल म्हणून आभाळाकडे बघणारा तालुका आणि जावळीत चार महिने अंगणातलं शेवाळ वाळत नाही. म्हणजे पेंटरचा हात वाईट नव्हता आणि डब्यातही खोट नव्हती. फरक होता तो पाण्याचा, आणि ते पाणी रंगाच्या वरून नाही तर रंगाच्या खाली होतं.

मिलिटरी गाड्यांना हा त्रास जास्त का होतो तेही इथेच सांगतो. चकचकीत रंगात रेझिन भरपूर असतं, वरचा थर स्वतःच पाण्याला बऱ्यापैकी अडवतो. आपल्याला हवा असतो मॅट. मॅट रंगात पावडर जास्त आणि तिला धरून ठेवणारं रेझिन त्या मानाने कमी, म्हणून तो चमकत नाही, आणि म्हणूनच तो ओल आत घेतो. त्यामुळे मॅट गाडीचं सगळं संरक्षण खालच्या प्रायमरने करायचं असतं, वरचा रंग फक्त दिसण्यापुरता. आणि आपल्याकडे प्रायमर म्हणजे काय, तर रेड ऑक्साईडचा एक हात. रेड ऑक्साईड वाईट नाही पण तोही ओल पितो, एका हातावर जावळीचा पाऊस निघत नाही.

आता मूळ काम. फुगे बघायचे ते पावसाळ्यातच, सकाळी ऊन लागायच्या आधी. एप्रिलमध्ये बघाल तर बरेचसे फुगे वाळून बसलेले असतात आणि वाटतं काय नाही झालं, वरून एक हात मारून टाकू. हीच चूक मी दोनदा केली. फुगा ओला असताना धारदार ब्लेडने अर्धा कापायचा, टोपी उलटी करायची आणि तीन गोष्टी बघायच्या: आत पाणी आहे का, रंग कुठल्या थरापासून सुटलाय, आणि तळाचा पत्रा कसा दिसतोय.

माझी मुलगी बारावी सायन्सला होती, तिच्याकडे लिटमसचे कागद होते, तिनेच म्हटलं "पप्पा, पाणी आहे तर टेस्ट करून बघा ना". लाल आणि निळा, दोन्हीचे बारीक तुकडे करून कापलेल्या फुग्यात टेकवले. मला यातून जे कळलं ते तीन वेळच्या रंगकामातून कळलं नव्हतं.

फ्लोअरच्या जोडाला, जिथे जुना पत्रा कापून नवा लावला होता, तिथल्या पाण्याने लाल लिटमस निळा झाला. म्हणजे अल्कली. कुठून आली? तर वेल्डिंगच्या रॉडवरून. गावातला वेल्डर आर्क वेल्डिंग करतो, रॉडवरचा लेप (फ्लक्स) वितळून त्याची कडक कपची, म्हणजे स्लॅग, जोडावर बसतो, तो हातोडीने ठोकून पाडला तरी बारीक राख शिल्लक राहते आणि ती अल्कलाईन असते. तिच्यावर सिंथेटिक (साधा इनॅमल रंग) किंवा रेड ऑक्साईड मारलं की ओल लागल्यावर रंगाचा हळूहळू साबण होतो, अक्षरशः साबण, आणि तो पत्रा सोडतो. जोडाच्या रेषेत ओळीने फुगे असतील तर आधी इथेच शंका घ्या. उपाय सोपा आहे, स्लॅग पूर्ण चिपिंग करायचा, वायर ब्रश, मग गरम पाण्याने ब्रशने धुवायचं, लगेच फडक्याने आणि हीट गनने पूर्ण वाळवायचं आणि परत ओलं करून लिटमस लावून बघायचा. रंग बदलला नाही की मगच प्रायमर.

बॉनेटच्या बिजागरीजवळ उलटं निघालं, निळा कागद लाल झाला. तिथे मी गंज घालवायचं ॲसिड लावलं होतं, फॉस्फोरिक ॲसिडवालं, बाटलीवर लिहिलं होतं की गंजाचं प्रायमर बनतं, आणि मी जाड लावून तसंच सोडून दिलं. जास्तीचं ॲसिड वाळून पत्र्यावर क्षारासारखं बसतं, वरून प्रायमर मारला की ते थरातून पाणी ओढत राहतं, जसं मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं तसं. ॲसिड वापरायचं तर पातळ लावा, काम झालं की बाटलीवर सांगितल्याप्रमाणे धुऊन किंवा पुसून काढा, आणि वर इपॉक्सी प्रायमर (हार्डनर मिसळून मारायचा) मारणार असाल तर ॲसिडचा अंश अजिबात राहू देऊ नका कारण इपॉक्सी त्याच्यावर नीट धरत नाही. मी तर आता सपाट जागी ॲसिड वापरतच नाही, मेकॅनिकल साफसफाईच बरी.

दाराच्या आणि मागच्या फेंडरच्या तळाला कागद दोन्ही तसेच राहिले, पण टोपीच्या आतल्या बाजूला राखाडी पुट्टी चिकटून आली आणि पुट्टीच्या खालचा पत्रा काळा-तांबडा. हे सगळ्यात जास्त ठिकाणी होतं आणि याचा दोष आपल्या सवयीचा आहे. हार्डनर मिसळून लावतात ती पुट्टी दिसायला दगडासारखी, पण तिच्यात टाल्क पावडर असते आणि ती उघडी असली की पाणी शोषते. आपल्याकडे पेंटर काय करतात, पुट्टी उघड्या पत्र्यावर लावतात आणि पाणी पेपरने पाणी मारमारून घासतात, बादली शेजारी घेऊन. धूळ उडत नाही, हात पटपट चालतो, फिनिश पण छान येतं. पण ते पाणी पुट्टीत शिरून थेट पत्र्यापर्यंत जातं, वरून वाळलेलं दिसतं, संध्याकाळी प्रायमर बसतो आणि पाणी आत कायमचं कोंडलं जातं. म्हसवडच्या उन्हात ते निघून जायला वेळ मिळतो, इकडे मिळत नाही. मी पेंटरला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, वीस वर्षं असंच घासतोय", आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या वीस वर्षांतल्या बऱ्याच गाड्या घाटाखालच्या किंवा आमच्या बाजूच्या नव्हत्याच.

पुट्टी किती जाड आहे ते कळायला फ्रीजवरचा एखादा चुंबक घ्या, पत्र्यावरून फिरवा, जिथे ढिला पडतो तिथे पुट्टी. माझ्या डाव्या मागच्या फेंडरवर चुंबक चिकटलाच नाही! तिथे वीतभर जागेत पत्राच नव्हता, आधीच्या मालकाने जाळी ठोकून वर पुट्टी थापली होती. आणि फ्लोअरची पाणी जायची दोन भोकंसुद्धा पुट्टीने बुजवलेली. बनवणाऱ्याने भोक ठेवलंय तर ते कारणाने ठेवलंय, बुजवू नका, गाडी धुतली की ती काडी घालून मोकळी करा.

आता रंगाच्या स्प्रे गनला हवा देणारा कॉम्प्रेसर, कारण वरचं सगळं नीट केलं तरी इथे मार खाऊ शकता. कापलेल्या फुग्यात पाणी आहे, रंग प्रायमरपासून सुटलाय पण प्रायमर पत्र्याला घट्ट आहे, आणि फुगे बारीक, टोचल्यासारखे, कुठेही विखुरलेले, असं असेल तर बहुतेक पाणी गनमधून आलेलं असतं. हिशेब करून बघा, हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर एका घनमीटर हवेत साधारण १९-२० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा आठपट दाबून टाकीत भरली की थंड झाल्यावर त्यातलं बहुतेक पाणी बाहेर पडतं. मिनिटाला अडीचशे लिटर हवा खाणारी गन सलग तासभर चालली तर पाव लिटर पाणी. पाव लिटर! ते टाकीच्या तळाला तरी बसतं नाहीतर तुमच्या रंगात तरी जातं. टाकीखालचा कॉक मी दर अर्ध्या तासाने उघडतो.

फिल्टर लावलाय की, असं म्हणाल. मी पण लावला होता, कॉम्प्रेसरच्या तोंडालाच. तिथे हवा गरम असते, पाणी अजून वाफच असतं, फिल्टरमधून आरामात निघून जातं आणि पुढे पाईपमध्ये गार होऊन थेंब बनतं. फिल्टर लावायचा तो गनच्या बाजूला, आणि मधे सात-आठ मीटर लोखंडी पाईप भिंतीवरून किंचित उतार देऊन, शेवटी खाली एक नळ. खात्री करायची तर गनमध्ये रंग न भरता नुसती हवा एक मिनिट स्वच्छ आरशावर सोडा. दव आला तर पाणी, तेलकट डाग आला तर कॉम्प्रेसरची रिंग गेलीय. हे दर वेळी करा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि दिवस निवडा. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं त्याच्या, निदान तीन अंश वर हवं. वरच्याच उदाहरणात दवबिंदू २२ च्या आसपास येतो, म्हणजे पत्रा २५-२६ तरी पाहिजे, आणि शेडमधला पत्रा सकाळी हवेपेक्षा गार असतो, म्हणजे तो दिवस रंगाचा नाहीच. एप्रिलमध्ये हवा ३६ आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर दवबिंदू १३ च्या आसपास, बिनधास्त मारा. आमच्याकडे खरं काम मार्च ते मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच, नंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही.

चौथ्या वेळी मी काय केलं ते सांगतो. बॉडी सगळी उघडी करायची ठरवलं. सुरुवातीला ग्राइंडरला वायर ब्रश लावून घासत होतो, पण त्याने खड्ड्यातला गंज निघत नाही, फक्त चकाकतो आणि स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. म्हणून दारं, फेंडर, टेलगेट एमआयडीसीत ब्लास्टिंगला (हवेच्या दाबाने बारीक कण मारून पत्रा साफ करतात त्याला) दिले. दोन गोष्टी सांगून द्या, एक म्हणजे सपाट पत्र्याला प्रेशर कमी ठेवा आणि एका जागी गन धरून ठेवू नका, पत्रा फुगतो तो परत बसत नाही, आणि दुसरं म्हणजे नदीच्या वाळूने कुणी करत असेल तर देऊ नका, त्या धुळीने करणाऱ्याच्या फुफ्फुसाचं कायमचं नुकसान होतं, सिलिकोसिस म्हणतात त्याला. कॉपर स्लॅग किंवा गार्नेटने करणारे असतात. घरी घासलं त्या वेळी पण चांगला मास्क, आणि जुन्या थरांची धूळ झाडून न काढता ओल्या फडक्याने, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं, अंगणात लहान मुलं असतील तर हे विसरू नका.

घासताना एक गोष्ट झाली. टेलगेट ब्लास्टिंगला द्यायच्या आधी मी वरचे थर हाताने उतरवत होतो, चार हिरवे थर गेले, मधे एक मातकट, आणि त्याच्याखाली पांढऱ्या रंगातला वर टोक असलेला बाण आणि दोन आकडे. सैन्याच्या नंबराची सुरुवात अशीच असते, बाण आणि मग वर्षाचे दोन आकडे. आबांना हाक मारली, ते आले, चष्मा पुसला, बाणावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे घालवू नकोस रे आत्ताच". मग दोन दिवस काम थांबवलं. ट्रेसिंग पेपरवर मापासकट उतरवून घेतलं, फोटो काढले, आणि आबांनी स्वतः "ने आता" म्हटल्यावर टेलगेट टेम्पोत घातलं. ट्रेसिंग फ्रेम करून सोप्यात लावलंय. घाईघाईत स्ट्रिपर (रंग उतरवायचं केमिकल) ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, जुन्या गाडीच्या रंगाखाली असं काहीतरी असू शकतं. पण तो सैन्याचा नंबर परत गाडीवर रंगवून रस्त्यावर फिरवू नका.

ब्लास्टिंग झालेला पत्रा त्याच दिवशी प्रायमर व्हायला पाहिजे, दमट हवेत काही तासांत लाल व्हायला लागतो. उघड्या हाताने धरू नका, घामात मीठ असतं. आणि रॉकेल किंवा डिझेलने पुसू नका, तेलकटपणा राहतो आणि रंग तिथे डोळ्यासारखी गोल भोकं सोडून बाजूला पळतो. चांगला डिग्रीझर, दोन फडकी, एकाने ओलं करायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्याने कोरडं. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पुट्टी त्याच्यावर, वाळलेल्या इपॉक्सीला ८०-१२० च्या कागदाने खरवडून, म्हणजे पुट्टीच्या खाली पत्रा नाही तर बंद थर. पुट्टी पूर्ण कोरडी घासायची, पाण्याची बादली शेडमध्ये आणूच दिली नाही. वर परत इपॉक्सी. जोडांना सीम सीलर, आतल्या बाजूने पण, कारण वेल्डिंगने मागचा रंग जळतो आणि गंज मागून पुढे येतो. पोकळ भागात कॅव्हिटी वॅक्स. खालून डांबर थापू नका, ते पुढे तडकतं आणि तड्यातून गेलेलं पाणी आतच राहतं.

वरचा रंग मी घरी सिंथेटिक मॅटच मारला. टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) जास्त टिकतो हे खरंय पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो आणि साधा कापडी मास्क तिथे काहीच कामाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर पीयू बूथवाल्याकडूनच मारून घ्या. आणि जुना सिंथेटिक थर शिल्लक ठेवून त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज रंग) किंवा टू-के मारू नका, थिनरने खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. शंका असेल तर थिनरचं फडकं दोन मिनिटं ठेवा, रंग विरघळून फडक्याला आला तर एनसी, सुरकुतला तर सिंथेटिक, काहीच झालं नाही तर टू-के.

रंग कुठला, तर ऑलिव्ह ग्रीन नाही. मनातून तोच हवा होता, आबांना तर फारच. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणालाही ऑलिव्ह ग्रीन लावता येत नाही. "थोडा वेगळा हिरवा आहे" हे रस्त्यावर समजावत बसण्यापेक्षा आम्ही त्या मधल्या थरासारखा मातकट घेतला, आणि रंग बदलाची आरसीवर नोंद करून घेतली. नोंदीचं आधी बघा, डबे नंतर.

शेवटचं म्हणजे ताडपत्री. पावसाळ्यात गाडी ताडपत्रीने गच्च आवळून ठेवली की जमिनीची वाफ आत कोंडते आणि रात्रभर पत्र्यावर दव बसतो, पावसात उभ्या गाडीपेक्षा वाईट हाल होतात. मी वर पत्रे टाकले आणि चारी बाजू मोकळ्या ठेवल्या. फ्लोअरवरची रबरी मॅट जूनमध्येच काढून ठेवतो.

दोन पावसाळे झाले. फेंडर, दारं, फ्लोअरचा जोड, बॉनेट, कुठेही काही नाही. फक्त टेलगेटच्या डाव्या बिजागरीला, बोल्टच्या डोक्याशेजारी, परवा एक फुगा दिसला, मुगाएवढा. सकाळी कापला, लिटमस दोन्ही तसेच राहिले, आत पाणी स्वच्छ, पुट्टी तिथे नाहीच. म्हणजे पाणी बोल्टच्या भोकातून मागून येतंय, तिथे सीलर घालायचा राहिला. आत्ता फक्त सुकवून वॅक्स लावून ठेवलंय, दिवाळीनंतर बिजागरी उतरवणार, भोकाच्या आतली कड घासून इपॉक्सी लावणार आणि बोल्ट सीलरमध्ये बुडवून बसवणार.